पाच एचपीच्या मोटरीतून ५ लिटरच पाणी. मुलीचं गणित म्हणतं २४

बांधावरून | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मोठी मुलगी नववीत आहे, 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा चालू आहे. काल गणितं सोडवता सोडवता तिने विचारलं, "बाबा, आपली मोटर किती एचपीची?" म्हटलं पाच. "आणि पाणी किती उंच चढतं?" विहिरीतल्या पाण्यापासून वरच्या रानातल्या पाइपच्या तोंडापर्यंत साधारण १६ मीटर. मग तिने वहीत मांडलं ते असं:

१ एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणून ५ एचपी म्हणजे ३७३० वॅट. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो. ते १६ मीटर उचलायला १ × ९.८ × १६ = १५६.८ ज्यूल कार्य लागतं. मोटर सेकंदाला ३७३० ज्यूल कार्य करते. ३७३० भागिले १५६.८, उत्तर २३.८. म्हणजे सेकंदाला जवळपास २४ लिटर पाणी पडायला हवं.

आज सकाळी २०० लिटरचा ड्रम पाइपखाली लावला, पोरीने मोबाइलवर वेळ धरली. तिच्या हिशेबाने साडेआठ सेकंदांत भरायला हवा. भरायला ४० सेकंद लागले. तीनदा केलं: ४०, ४१, ४०. म्हणजे सेकंदाला ५ लिटर.

तिला वाटतंय आपलं गणित चुकलं. मी दोनदा बघितलं, मला चूक सापडत नाही. मला वाटतंय मोटरच गेली. दोन वर्षांपूर्वी जळाली होती, तेव्हा आतली तार नवीन भरून घेतली होती.

विचारायचं कारण नुसता अभ्यास नाही. एक एकर कांदा आहे, थ्री-फेज लाईट आठ तास. एका पाळीत एकर भिजत नाही, शेवटचे वाफे कायम दुसऱ्या दिवसावर जातात. आम्ही पुरंदर तालुक्यातले. विहीर ओढ्याकाठी, रान वर. मोनोब्लॉक आहे (मोटर-पंप एकत्र), पाइप दोन इंची, लांबी १८० मीटर.

फळा_खडू | रविवार, रात्री १०.१५

दादा, पहिल्यांदा मुलीला सांगा की तिचं गणित शंभर टक्के बरोबर आहे. मी अठरा वर्षं विज्ञान शिकवतोय. पुस्तकातलं सूत्र उचलून आपल्या विहिरीवर लावणारी मुलं फार कमी भेटतात.

तिने काढलं ते उत्तर एका वेगळ्या प्रश्नाचं आहे. मोटरीचं सगळंच्या सगळं कार्य फक्त पाणी वर उचलण्यात खर्च झालं, तर किती पाणी येईल? तर २४ लिटर. पण मोटर आणखी कशाकशावर कार्य करते, हे त्या गणितात धरलेलंच नाही. तिचं २४ ही वरची मर्यादा आहे, तिच्यापुढे कोणतीच ५ एचपीची मोटर जाणार नाही. तुमचं ५ ही प्रत्यक्षातली गोष्ट. मधले १९ लिटर कुठे गेले, ते शोधायचं.

वर्गात मी नेहमी एकच प्रश्न विचारायला लावतो: कार्य कोणी केलं आणि कोणावर झालं? हे दोन्ही ठरल्याशिवाय गणिताला हात लावायचा नाही.

नववीची_आई | सोमवार, सकाळी ७.०५

सर, तुमच्या शेवटच्या वाक्यावरून विचारते. आमच्याकडे गेले चार दिवस यावरूनच वाद चाललाय. डोक्यावर हंडा घेऊन सपाट रस्त्याने चाललं तर कार्य शून्य, असं पुस्तक म्हणतं. मुलगा मानायलाच तयार नाही. म्हणतो, आजी तर दमून बसते. खरं सांगायचं तर मलाही ते पटत नाही. लहानपणी मी अर्धा किलोमीटर हंडे वाहिलेत.

फळा_खडू | सोमवार, सकाळी ७.५०

ताई, मुलगा योग्य ठिकाणी अडलाय. पुस्तकातलं 'शून्य' हे हंड्यावर झालेल्या कार्याचं आहे, आजीच्या कष्टांचं नाही.

डोकं हंड्याला वर ढकलतं, हंडा सरकतो आडवा. बलाच्या दिशेने तो एक इंचही हललेला नाही, म्हणून त्या बलाने हंड्यावर केलेलं कार्य शून्य. विहिरीवरून निघताना आणि घरी उतरवताना हंडा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर असतो, त्याच्या पदरात ऊर्जा पडलेली नाही.

तोच हंडा फळीवर ठेवा. फळी दिवसभर तोलून धरेल आणि तिला भाकरी लागणार नाही. माणसाचा स्नायू फळीसारखा कडी लावून बसू शकत नाही. त्यातले तंतू सारखे आवळतात, सुटतात, पुन्हा आवळतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते, म्हणून घाम येतो. शिवाय प्रत्येक पावलाला शरीर थोडं वर-खाली होतं, तेही कार्यच. आजी खरोखर दमते. तिची ऊर्जा हंड्यापर्यंत पोचत नाही, एवढंच पुस्तकाचं म्हणणं आहे.

विहिरीवरच्या मोटरीचं दुखणंही मला याच जातीचं वाटतंय.

वायंडिंगवाला | सोमवार, दुपारी १.२०

मोटर भरायचं काम करतो, वीस वर्षं झाली. दोन गोष्टी सांगतो.

एक, पाटीवर ५ एचपी / ३.७ किलोवॅट असं असतं ते शाफ्टवर मिळणारं. मोटर विजेकडून घेते ते त्याहून जास्त. या मापाची मोटर चांगली असेल तर घेतलेल्या शंभरातले ८२ ते ८५ शाफ्टला देते, बाकीचे वायंडिंग तापण्यात, लोखंडात आणि बेअरिंगमध्ये जातात. त्यामुळे 'पाच एचपीची मोटर पाच एचपी वीज घेते' हे मनातून काढून टाका.

दोन, भरलेली मोटर वाईटच असते असं नाही. जुनी तार काढताना स्टेटर (मोटरीचा तार गुंडाळलेला स्थिर भाग) आगीत टाकून लाल केला, तर पत्र्यांमधला लेप जळतो आणि मोटर पुढे कायम गरम चालते. किंवा तार बारीक घातली, वेढे कमी दिले, तर अँपिअर वाढतात. नीट भरली असेल तर फरक किरकोळ असतो. अंदाजाने मोटरीला दोष देऊ नका, मोजा.

टाँगटेस्टर (तारेला चिमटा लावून अँपिअर मोजायचं यंत्र) मिळाला तर तिन्ही फेजचे अँपिअर आणि व्होल्ट घ्या. थ्री-फेजला वॅट म्हणजे १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर म्हणजे व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारातला खरोखर कामी येणारा वाटा, तो ०.८५ धरा. तुमच्याकडे मीटर आहे का? असेल तर त्याहून सोपं. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, त्याच्याशेजारी एका युनिटला किती लुकलुक हे छापलेलं असतं. एक मिनिट मोजा.

पाण्याची_पातळी | सोमवार, रात्री ८.३०

मी पंपांच्या चाचण्यांच्या कामात आहे. मोजमापं करणारच असाल तर आणखी दोन करा. दोरीला दगड बांधून, पंपापासून विहिरीतलं पाणी किती खाली आहे ते बघा. आणि डिलिव्हरी पाइपला (पंपातून पाणी वर नेणाऱ्या) पंपाच्या लगेच पुढे प्रेशर गेज बसवून घ्या. स्वस्त मिळतो, प्लंबर पंधरा मिनिटांत आटा पाडून देतो. गेजवरचा १ किलो म्हणजे पाण्याची साधारण १० मीटर उंची. पंपाचा दोष आणि पाइपचा दोष वेगळा करायला या गेजइतकं चांगलं साधन नाही.

बांधावरून | गुरुवार, रात्री ९.१०

सगळ्यांचे आभार. मंगळवारी गेज बसवला, आज मोजमापं केली. पोरगी वही घेऊन मीटरपाशी उभी, मी विहिरीत पंपाजवळ, धाकटा ड्रमपाशी. लाल दिवा साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. ती बोटांवर मोजत होती, पहिल्यांदा चुकली. मग दर दहाला वहीत रेघ मारली.

मीटरवर एका युनिटला ८०० छापलंय. एका मिनिटात ६० लुकलुक.
टाँगटेस्टरवर ७.६ अँपिअर, तिन्ही फेज जवळपास सारखे. व्होल्ट ४००.
पंपाखाली पाणी ४ मीटर. पंपापासून वर पाइपच्या तोंडापर्यंत १२ मीटर. (एकूण १६, म्हणजे अंदाज बरोबर निघाला.)
गेज ३.२ किलो.
ड्रम ४० सेकंद.

गेज बघून मी बुचकळ्यात पडलो. पाणी पंपाच्या वर फक्त १२ मीटर चढतंय, तर १.२ किलो दिसायला हवं ना? ३.२ कसं?

पाण्याची_पातळी | गुरुवार, रात्री १०.४५

दादा, तुमचा रोग या ३.२ मध्ये आहे. सावकाश सोडवू. मुलीला शेजारी बसवा.

आधी वीज. ६० लुकलुक म्हणजे ६० ÷ ८०० = ०.०७५ युनिट एका मिनिटात. तासाला ४.५ युनिट. म्हणजे मोटर ४.५ किलोवॅट घेते, ४५०० वॅट. टाँगटेस्टरने ताळा बघा: १.७३२ × ४०० × ७.६ × ०.८५, साधारण ४४८०. दोन्ही जुळतात.

शेवटी पदरात काय पडलं? सेकंदाला ५ लिटर, १६ मीटर वर: ५ × ९.८ × १६ = ७८४ वॅट.

कार्यक्षमता म्हणजे मिळालेलं भागिले दिलेलं: ७८४ ÷ ४५०० = ०.१७४. सतरा टक्के. शंभर रुपयांच्या विजेतले सतरा रुपये पाणी चढवण्यात जातात. बाकीचे ८३ कुठे गेले, ते टप्प्याटप्प्याने बघू.

मोटर: वायंडिंगवाले दादा म्हणतात तसे ८२ टक्के धरू. ४५०० × ०.८२ = ३६९० वॅट शाफ्टवर. पाटीवरच्या ३.७ किलोवॅटला बरोबर जुळतं. मोटर आपलं काम चोख करते आहे, तिच्यावरचा आरोप मागे घ्या.

पंप: पंप पाण्याला किती जोर देतो? गेज सांगतो ३२ मीटर. खालून ४ मीटर ओढून आणतो, आणि सक्शन पाइप (विहिरीतून पंपापर्यंतचा) व त्याच्या पाण्यातल्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह यांचा रोध १ मीटर धरू. एकूण ३७ मीटर. ५ × ९.८ × ३७ = १८१३ वॅट. १८१३ ÷ ३६९० = ०.४९. पंप ४९ टक्के. फार चांगला नाही, या मापाचा चांगला मोनोब्लॉक ६० च्या पुढे जातो. पण खराब म्हणून काढून टाकण्यासारखाही नाही.

पाइप: पंपाने पाण्याला ३७ मीटरचा जोर दिला, पाणी चढलं १६ मीटर. ७८४ ÷ १८१३ = ०.४३. उरलेले २१ मीटर घर्षणात गेले, त्यातले वीसेक त्या १८० मीटर पाइपमध्ये.

आता गुणाकार: ०.८२ × ०.४९ × ०.४३ = ०.१७. वरच्याशी जुळलं. टप्प्यांच्या कार्यक्षमता बेरजेने जोडायच्या नसतात, गुणायच्या असतात. एक टप्पा पडका असला की बाकी सगळ्यांची मेहनत त्याच्यापाशी येऊन अडते.

म्हणजे तुमची मोटर १६ मीटरच्या चढावर पाणी चढवते आणि शिवाय २१ मीटरचा आणखी एक डोंगर चढवते. तो डोंगर डोळ्यांना दिसत नाही, फक्त गेजला दिसतो.

बांधावरून | गुरुवार, रात्री ११.२०

वाचून दाखवलं. पोरगी म्हणाली, "म्हणजे पाइपवर कार्य होतंय." तिला सरांचा प्रश्न पाठ झालाय.

जिरायत | शुक्रवार, सकाळी ६.४०

दादा, एवढं कशाला डोकं लावता. आमच्याकडे सगळ्यांनी साडेसातच्या मोटरी टाकल्या. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना बिल माफ आहे. वीज फुकट आहे तर सतरा टक्के काय आणि पन्नास काय. मोठी मोटर टाका, कांदा भिजवा, मोकळे व्हा.

पाण्याची_पातळी | शुक्रवार, दुपारी २.१५

जिरायतदादा, तुमचा सल्ला गावोगाव दिला जातो, म्हणून त्याचंही गणित करून दाखवते.

पाइप तोच दोन इंची ठेवला तर घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. ५ लिटरला २१ मीटर जातात. ६ लिटरला किती? २१ × (६/५)² = ३०. वर १६ मीटर चढ धरून एकूण ४६. लागणारी शक्ती ६ × ९.८ × ४६, साधारण २७०० वॅट. सध्या पंप १८१३ देतो. दीडपट. आणि साडेसात म्हणजे पाचाच्या दीडपटच. त्याच जातीची साडेसातची मोटर टाकली तर पाच लिटरचे फक्त सहा लिटर होतील. मोटर दीडपट, वीज दीडपट, पाणी सव्वापटसुद्धा नाही.

आता पाइप बदलून बघा. तेवढाच प्रवाह जाड पाइपमधून नेला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतं. कारण असं: व्यास वाढला की पाण्याचा वेग व्यासाच्या वर्गाने उतरतो, घर्षण वेगाच्या वर्गाने चालतं म्हणून चौथा घात, आणि नळीचा घेर मोठा असल्याचा आणखी एक घात. आतला व्यास ५० मिलिमीटरचा ७५ केला, म्हणजे दीडपट. दीडचा पाचवा घात ७.६. एकवीस मीटरचं घर्षण तीनच्या आत येतं. दुकानात दोन इंची आणि तीन इंची शेजारी ठेवले तर फार वेगळे दिसत नाहीत, पण पाण्याच्या लेखी ते सातपट वेगळे आहेत.

वायंडिंगवाला | शुक्रवार, रात्री ९.००

फुकट विजेबद्दल माझंही ऐका. बिल आलं नाही तरी डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) तीच आहे. वीस जणांनी पाचच्या साडेसात केल्या की संध्याकाळी व्होल्टेज ४०० चं ३४० वर येतं. व्होल्टेज पडलं तरी मोटरीला पाणी तेवढंच उचलायचं असतं, मग ती जास्त अँपिअर खेचते. वायंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते. चैत्र-वैशाखात माझ्या दुकानापुढे मोटरींची रांग लागते. त्यात माझा धंदा आहे, पण जळालेली मोटर घेऊन आलेल्या माणसाचं पीक रानात उभं असतं, ते बघवत नाही.

थारोळं | शनिवार, सकाळी ८.२५

तुमची चर्चा वाचून राहवलं नाही. माझं वय ७६. वडिलांबरोबर मोट हाकलेली आहे. आमची विहीर १० मीटर खोल होती, मोट दीडशे लिटरची असावी. नाडा चाकावरून, सोंडेची दोरी खालच्या रुळावरून. मोट वर आली की सोंड आपोआप थारोळ्यात, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या कुंडीत, सुटायची आणि पाणी पाटाला लागायचं. मग बैल मागे मागे सरत धावेच्या, म्हणजे त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेच्या, डोक्यावर यायचे. एक फेरी सगळी मिळून पाऊण-एक मिनिटाची.

मला एक विचारायचंय. धाव उताराची का असते, हे आम्हाला माहीत होतं. बैलांना ओढताना सोपं जातं. पण मागे येताना त्यांना चढावं लागतंच की. मग फायदा काय झाला? कोणी हिशेबात सांगू शकेल का?

फळा_खडू | शनिवार, सकाळी ११.३०

बाबा, या धाग्यातला सर्वांत सुंदर प्रश्न तुमचा आहे. गणित करून बघतो.

दीडशे लिटर पाणी १० मीटर: १५० × ९.८ × १० = १४,७०० ज्यूल. हे सगळं ओढण्याच्या १५ सेकंदांत करायचं म्हटलं तर ९८० वॅट, म्हणजे १.३ अश्वशक्ती. एका बैलजोडीला हे दिवसभर झेपणारं नाही. पण फेरी ५० सेकंदांची धरली तर सरासरी २९४ वॅट, पाऊण अश्वशक्तीच्याही बरीच आत. म्हणजे एकूण कार्य बैलांच्या ताकदीतलं आहे, अडचण आहे ती ते थोड्या वेळात करण्याची.

इथे उतार कामाला येतो. बैल ३५० किलोचा धरा, जोडी ७०० किलो. धावेचा उतार दीड मीटर धरा. खाली येताना त्यांच्या वजनाने केलेलं कार्य ७०० × ९.८ × १.५ = १०,२९० ज्यूल. मोटेला लागणाऱ्या १४,७०० पैकी दोन तृतीयांशाहून जास्त! ही ऊर्जा फुकटची नाही, बैलांनी मागे चढताना ती स्वतःच्या पायांनी साठवलेली असते. पण चढताना मोट रिकामी असते, घाई नसते. जड काम आणि हलकं काम दोन्ही वेळांत वाटून दिलं जातं. एकूण कार्य तेवढंच, पण कोणत्याही एका क्षणी लागणारी शक्ती कमी. कार्य आणि शक्ती यांतला फरक वर्गात समजावताना मला इतकं चांगलं उदाहरण आजवर सापडलं नव्हतं. कोणी मांडली असेल ती पहिली धाव, त्याला मी मनापासून नमस्कार करतो.

'अश्वशक्ती' हा शब्दही असाच आला. जेम्स वॅटला आपलं वाफेचं इंजिन किती घोड्यांचं काम करतं ते गिऱ्हाइकांना सांगायचं होतं. त्याने एका घोड्याला मिनिटाला ३३,००० फूट-पौंड कार्य असं माप ठरवलं, ते आजचे ७४६ वॅट. पुढे शक्तीच्या एककालाच त्याचं नाव मिळालं.

थारोळं | शनिवार, दुपारी ४.१०

मास्तर, तुम्ही लिहिलंत ते दोनदा वाचलं. वडील म्हणायचे, बैल पुढे जाताना हाकायचा नाही, मागे येताना घाई करायची नाही. आज त्याचा अर्थ आकड्यांत कळला.

पाण्याची_पातळी | शनिवार, सायंकाळी ६.००

मोटेच्या धावेसारखंच काम आज आपल्या राज्यात फार मोठ्या मापावर चालतं. सह्याद्रीच्या कड्यावर घाटघर इथे वर एक जलाशय, खाली एक जलाशय, मध्ये ४०० मीटरच्या आसपास उंची. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. क्षमता २५० मेगावॅट, १२५ चे दोन संच. सूत्र मुलीच्या वहीतलंच: वस्तुमान × ९.८ × उंची. अशा योजनेत वर-खाली मिळून घातलेल्या विजेचे साधारण तीन चतुर्थांश परत येतात. तुमच्याकडे पाणी नुसतं वर जातानाच शंभरातले सतरा उरत होते, यावरून तुमच्याकडे सुधारायला किती जागा आहे ते बघा.

मळा_माझा | रविवार, सकाळी ९.३०

तीन इंची १८० मीटर घ्यायला पैसे नसतील तर आमच्याकडे केलं ते सांगतो. जुना दोन इंची तसाच ठेवून शेजारून दुसरा दोन इंची टाकला, दोन्ही टोकांना जोडले. पाणी डोळ्यांना दिसेल इतकं वाढलं. हे बरोबर की आमचा भास?

पाण्याची_पातळी | रविवार, सकाळी १०.१०

भास नाही. प्रत्येक पाइपमधून निम्मं पाणी, म्हणून वेग निम्मा, घर्षण चौथाई. एकवीसचे सव्वापाच मीटर होतात. तीन इंचीइतकं नाही, पण जुना पाइप चांगला असेल तर उत्तम उपाय.

बांधावरून | पाच आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.५०

मंडळी, उशीर झाला. कांदा निघाल्यावर हातात पैसे आले, मग तीन इंची पाइप टाकला. जुना उन्हाने कडक होऊन जागोजागी तडकला होता, म्हणून दोन समांतर ठेवायचा विचार सोडला. मोटर तीच, पंप तोच.

आज पुन्हा सगळी मोजमापं. या वेळी पोरीने आधी वहीत लिहून ठेवलं होतं, "सात ते आठ लिटर येईल." मग ड्रम लावला. पाण्याचा आवाजच बदललाय, आधी फवारा उडायचा, आता जाड लोंढा पडतो. २६ सेकंद! पुन्हा २६. म्हणजे सेकंदाला ७.७ लिटर. तिने ड्रमला थाप मारली आणि ओरडलीच.

गेज ३.२ वरून १.९ वर आलाय. लुकलुक मिनिटाला ६२, म्हणजे ४.६५ किलोवॅट. तिचा हिशेब: ७.७ × ९.८ × १६ = १२०७ वॅट. १२०७ ÷ ४६५० = २६ टक्के. सतराचे सव्वीस.

आणखी एक तिनेच काढलं. एकरभर रानात ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं तर साधारण २ लाख लिटर. ५ लिटरने ११ तास, ७.७ ने सव्वासात तास. लाईट आठ तास. तीन वर्षं शेवटचे वाफे का राहत होते, ते या एका ओळीत आलं. नव्या पाइपवर परवा गवार भिजवली. लाईट जायच्या आधी शेवटचं दारं मोडून बांधावर बसलो होतो.

वायंडिंगवाला | रविवार, रात्री ९.३०

फार बरं वाटलं दादा. एक काळजी घ्या. पंपापुढचा अडथळा कमी झाला की पाणी वाढतं आणि मोटरीवरचा भारही वाढतो. गिऱ्हाइकांना हे उलट वाटतं. ६० ची ६२ लुकलुक झाली ती त्यामुळेच. शाफ्टवर आता ३.८ किलोवॅट जातायत, पाटीच्या किंचित वर. टाँगटेस्टर लावा. ७.९ च्या आसपास दिसेल. पाटीवरच्या अँपिअरपेक्षा जास्त असेल तर डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा दाबून ठेवा, आणि स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (अँपिअर वाढले की मोटर बंद करणारा) पाटीच्या आकड्यावर लावून घ्या.

पाण्याची_पातळी | रविवार, रात्री १०.०५

आणि सक्शनकडे बघा. पाणी वाढलं म्हणजे सक्शन पाइपमधलं घर्षणही वाढलं, १ मीटरचं जवळपास अडीच झालं असेल. वर ४ मीटर उचल, एकूण साडेसहाच्या घरात. पंप पाणी खेचत नाही, हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो समुद्रसपाटीलासुद्धा १०.३ मीटरच्या वर ढकलू शकत नाही. तुम्ही पठारावर, म्हणजे त्याहून कमी. उन्हाळ्यात विहीर आणखी दोन मीटर उतरली की पंप खडखड वाजायला लागेल, इंपेलर (पंपातलं फिरणारं चक्र) खाऊन टाकेल. सक्शनही तीन इंची करा, फूटव्हॉल्व्हची जाळी साफ करा आणि पंप एक टप्पा खाली घ्या.

बांधावरून | रविवार, रात्री १०.२०

विहिरीत खाली अडीच मीटरवर जुना दगडी कट्टा आहे, मोटेच्या काळातला असावा. पंप तिथे बसेल. उद्या सकाळी टाँगटेस्टर लावतो आणि अँपिअर इथे लिहितो. पोरगी विचारतेय, पंप खाली घेतला तर १६ मीटर बदलणार नाहीत, मग २६ टक्के बदलतील का?